तुम्ही विचारलंत म्हणून : नऊनंतरचा फोन

दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं, कानात हेडफोन असतो, आणि कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, फोनवर एवढं कोनासंग बोलून राह्यता?" नणंद विचारते. यवतमाळहून औषधांचा माल आणणारा पोरगा विचारतो. आता तर ज्यांच्याशी बोलते त्यांच्यातलेही काहीजण विचारतात, की केळापूर तालुक्यातल्या बाजाराच्या गावात मेडिकल चालवणाऱ्या बाईला परक्या लोकांच्या बोलींत आणि उच्चारांत इतका रस कसा? आणि सगळ्यांच्या प्रश्नाचं शेपूट एकच असतं : यातून मिळतं काय? प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

अनोळखी माणसाला माझी बोली हलकी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. मी बोलते त्याचं मुख्य कारण हे.

आपल्याकडे ते सगळ्यांना सांगितलेलं असतं. कुणी धडा म्हणून शिकवत नाही, तरी पोरगं दहा वर्षांचं होईस्तोवर त्याला पक्कं ठाऊक होतं की 'मले' म्हणणारा अडाणी आणि 'मला' म्हणणारा शिकलेला. मी फार्मसीला मोठ्या शहरात गेले तेव्हा मेसमध्ये "मले पोळी नको" एवढं म्हटलं आणि टेबल हसलं. मग रोज कुणीतरी म्हणायचं, "ए, ते परत म्हण ना." त्या मुली वाईट नव्हत्या, त्यातल्या दोघी आजही जिवाभावाच्या आहेत. पण पुढचे कित्येक महिने मी वाक्य आधी मनात घोळवून, तपासून मगच बोलायची. मालिकेत वऱ्हाडी बोलणारा येतो तो बहुतेक वेळा हसवायला. आपली भाषा ऐकून समोरचा हसणार की रडणार हे त्याच्या कानावर आधीच ठरलेलं असलं, की आपण सांगितलेलं दुःखसुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नाही. ही गोष्ट मला फार लागते, आजही.

भाषा शिकणाऱ्यांसाठी टँडम, हेलोटॉक अशी ॲप्स आहेत. तुम्ही तुमची भाषा द्यायची, समोरच्याने त्याची. काही ठिकाणी नुसत्या आवाजाच्या खोल्या असतात, दहा-बारा माणसं ऐकत बसलेली, ज्याला बोलायचं तो बोलतो. मराठी शिकू पाहणारे तसे थोडे. कुणाचं मराठी घरात लग्न झालेलं, कुणाचे आजी-आजोबा इथून गेलेले, कुणी वारीवर अभ्यास करणारं. मी कॅमेरा लावत नाही, गावाचं नाव सांगत नाही, आणि भाषेवरून गाडी फोटोवर आली की त्या माणसाला तिथल्या तिथे ब्लॉक करते. बायकांनी एवढी काळजी घ्यावीच. ती घेतली की उरलेला वेळ सुखाचा जातो.

सगळ्यांत जास्त बोलणं होतं ते नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमकडच्या एका निवृत्त परिचारिकेशी. तिची सून नाशिकची, म्हणून ती मराठी शिकते. मी बोलता बोलता एकदा 'डोळा' म्हटलं आणि पाच मिनिटांनी 'डोया'. तिने थांबवलं. चूक दाखवायला नव्हे. तिला जाणून घ्यायचं होतं. आजी कसं म्हणायची? मी सांगितलं, आजीच्या तोंडात तो ळ कधी आलाच नाही; शाळा म्हणजे शाया, काळा म्हणजे काया. मग प्रश्नांची रांगच लागली. जात्यावरच्या गाण्यांतही तसंच? बायका-पुरुष दोघंही? तुझ्या मुलांच्या तोंडी काय आहे? रागावल्यावर तू कोणता म्हणतेस? या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प होते. खरंच की, शहरातल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक आलं की माझ्या तोंडी ळ येतो, आणि घरात पोरांवर ओरडताना य. हे मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं.

मग तिने तिच्या भागातला एक आवाज काढून दाखवला. जीभ मागे वळवायची आणि पुढे येताना टाळूला एक फटका मारायचा. माझ्या कानाला तो आपल्या ळ आणि ड यांच्या मधला कुठला तरी वाटला. तिकडे त्याला 'जाडा ल' म्हणतात. नॉर्वेच्या पूर्व भागात आणि तिच्या ट्रॉन्डेलाग प्रांतात तो सर्रास आहे, पण शहरातल्या सभ्य घरांतून तो गावंढळ समजत. तिच्या लहानपणी आई दटावायची, गड्यामाणसांसारखं बोलू नकोस.

आता बघा. तिकडे जीभ वळवली की माणूस खेडवळ ठरतो. इकडे जीभ वळली नाही, ळ चा य झाला, की खेडवळ ठरतो. जिभेची जवळपास तीच हालचाल, आणि दोन देशांत निकाल अगदी उलटे. म्हणजे हलकेपणा त्या आवाजात नाहीच. असता तर दोन्हीकडे सारखा दिसला असता. त्या रात्री शटर ओढून घरी जाताना मी मोठ्याने 'काया', 'शाया', 'डोया' म्हणत गेले, आणि कॉलेजापासून अंगात बसलेलं काहीतरी सैल झालं.

असाच एक दाखला मग एका अमेरिकन शिक्षकाने दिला. इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित बोलण्यात शब्दाच्या शेवटचा र उच्चारत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये मात्र र स्पष्ट म्हणणं हे वरच्या थराचं लक्षण. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली तिथल्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना मुद्दाम असा पत्ता विचारला की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच यावं. दुकान जितकं महाग, तितका त्यातल्या नोकरांचा र जास्त ठळक निघाला. काउंटरमागे उभं राहणाऱ्या मला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. गिऱ्हाईक बघून जीभ बदलते हे मी रोज जगते.

म्हणून मुंबईच्या एका मुलाने गप्पांच्या खोलीत "वऱ्हाडी म्हणजे हिंदीने बिघडवलेली मराठी" असं म्हटलं, तेव्हा मी गप्प बसले नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं, महानुभाव पंथाचं लीळाचरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलं ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केसोबासांना नागदेवाचार्यांनी अडवलं ते याच पंथात : संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील, असा त्यांचा मुद्दा होता. मराठी भाषेचं विद्यापीठही आता रिद्धपूरलाच सुरू झालंय. आणि हिंदीचं म्हणाल, तर वऱ्हाड आधी निजामाचा, १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेला, ज्याची राजधानी नागपूर. १९५६ पर्यंत जबलपूर-रायपूरची आणि आमची कचेरी एक होती. एवढी वर्षं एका घरात राहिल्यावर बोलण्यात बोलणं मिसळणारच. त्याला बिघडणं म्हणायचं तर दरबारी फारसी पोटात घेतलेली पुण्याची मराठीही बिघडलेलीच म्हणावी लागेल. मुलगा ऐकून घेणारा होता. पुढे त्यानेच विचारलं, "काहून म्हणजे का, हे कुठून आलं असेल?" तेव्हापासून आमची चांगली जमते.

धुळ्याचा एक पोरगा भेटला, बंगळुरूत नोकरी करतो. तो घरी अहिराणी बोलतो. त्याचं 'माले', 'तुले' आणि माझं 'मले', 'तुले' ऐकून दोघांनाही माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

तंजावरचे एक काका आहेत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, व्यंकोजीराजांच्या काळापासून. लिहिताना मात्र ते तमिळ लिपी वापरतात. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला, तो लहानपणी बोटं फिरवून वाचायचा प्रयत्न करायचो, असं ते सांगतात. महाराष्ट्रातल्या लग्नांना गेले की नातेवाईक त्यांच्या हेलाला हसतात. "आमची मराठी चूक आहे काय?" असं त्यांनी मला विचारलं. पासष्टीच्या पुढचा माणूस, ज्याच्या घराण्याने तमिळ मुलखात साडेतीनशे वर्षं ही भाषा चुलीपाशी जपली, तो मला, एका परक्या बाईला, हे विचारतो. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही बोला, मी ऐकते. ते तासभर बोलले.

आता या सगळ्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. परके लोक हमखास विचारतात, तुझ्या आजूबाजूला कोणत्या भाषा बोलतात? मी पहिल्यांदा सहज मोजायला लागले. बाजाराच्या दिवशी माझ्या काउंटरवर वऱ्हाडी, तांड्यावरच्या बायकांची बंजारा, गोंडी, पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, लोकांची कोलामी, पाटणबोरीकडून येणाऱ्यांची तेलुगू, आणि मुसलमान घरांतली दखनी वळणाची हिंदी. पलीकडचा ब्राझीलचा विद्यार्थी म्हणाला, तुला कल्पना आहे का तू कुठे बसली आहेस? मग आम्ही मिळून वाचत गेलो. मराठी आणि बंजारा आर्य कुळातल्या, बंजारा तर राजस्थानी बोलींच्या नात्यातली. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या, तरी एकाच फांदीवरच्या नाहीत. गोंडीसाठी दोन लिप्या आहेत : मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली, आणि दुसरी इथून पैनगंगेच्या पल्याड आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांत सापडलेली. दोन्ही आता युनिकोडमध्येही आहेत. मेळघाटातली कोरकू मुंडा भाषांतली, तिचं नातं संथाळी-मुंडारीशी आणि लांबून थेट कंबोडियाच्या ख्मेरशी. आणि बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, दोन-अडीच हजार माणसं निहाली बोलतात, जिचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेलं नाही. कापूस, कर्ज आणि दुष्काळ याखेरीज विदर्भाची बातमी होत नाही. त्याच विदर्भात तीन भाषाकुळं नांदतात, आणि वर चौथी एकटी, जिला भाऊबंदच नाही. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी परक्यांचे प्रश्न गिऱ्हाइकांना विचारू लागले. एक कोलाम मावशी दर बाजाराला येतात, सांधेदुखीचं औषध न्यायला. इतकी वर्षं आमचं बोलणं गोळी, मलम आणि पैसे एवढंच. एकदा विचारलं, मावशी, हे दुखणं तुमच्या बोलीत कसं सांगता? त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पदर सावरून सांगितलं. ठणका वेगळा, चमक वेगळी, रात्रीचं कुरतडणं वेगळं. मराठीत त्या तिन्हींना नुसतं "दुखते" म्हणायच्या. औषध देणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही. आता मी त्यांचं ऐकून त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचं की नाही ते ठरवते. चिठ्ठीवर तिन्ही प्रकार वेगवेगळे लिहून देते.

मावशींना माझ्या नॉर्वेच्या बाईचं फार कौतुक. तिला थंडी किती पडते, सून नीट वागते का, सगळं विचारून झालं. मग एका बाजाराला म्हणाल्या, "थ्या बाईच्या देशात लेकरायले शाळेत कोनत्या बोलीत शिकवते?"

मी तो प्रश्न रात्री पुढे पाठवला. उत्तर आलं, की नॉर्वेत बोलण्याची अशी एक सरकारी प्रमाण भाषा ठरवलेलीच नाही. लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, १८८५ पासून दोन्हींना समान मान. बोलताना मात्र माणूस आपापल्या खोऱ्यातलं बोलतो, अगदी संसदेतसुद्धा. आणि १८७८ साली त्यांच्या संसदेने ठरवलं, की प्राथमिक शाळेत शिकवणं शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलण्यातल्या भाषेतच व्हावं.

पुढच्या बाजाराला हे मावशींना सांगितलं. त्यांनी मलमाची डबी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "मंग आमच्या पोडावरच्या लेकरायले काहून नाई?"

याचं उत्तर शोधायला नॉर्वेपर्यंत जायची गरज नव्हती. आपल्या राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०-अ हे कलम आलं : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही, शक्य असेल तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं, असं लिहिलंय. कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या आसपास, पण पोडावर पहिलीत येणाऱ्या लेकरासाठी आकड्याला काय अर्थ, त्याच्या घरात तीच भाषा आहे. मावशींची सून शाळा व्यवस्थापन समितीत आहे. तिच्यासाठी मी ही दोन्ही कलमं साध्या मराठीत कागदावर लिहून दिलीत, आणि निदान पहिलीच्या वर्गात कोलामी जाणणारी एक मदतनीस मिळावी असा अर्जही. बैठक पुढच्या आठवड्यात आहे. अर्ज ती आधी कोलामीत वाचून दाखवणार आहे, मग मराठीत.