सहा तासांत निघणारं पथक

अमेरिकेचं मरीन एक्स्पिडिशनरी युनिट, म्हणजे जहाजांवर राहून किनाऱ्यावर उतरणारं मरीन सैनिकांचं पथक, आदेश आल्यावर सहा तासांत कसं निघतं, असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ते घरून कधीच निघालेलं असतं. साधारण २,२०० माणसं तीन जहाजांवर महिनोन्‌महिने समुद्रातच असतात: मुख्यालय, तोफा-गाड्या जोडलेली पायदळाची बटालियन, हेलिकॉप्टर-विमानांचं स्क्वाड्रन आणि रसदवाले. पंधरा दिवसांचा शिधा, इंधन, दारूगोळा बरोबर. त्या सहा तासांत बेत आखायचा, दारूगोळा वाटायचा आणि पहिली तुकडी सोडायची.

खरी मेहनत बंदरात होते, सामान चढवताना. जे सगळ्यात आधी उतरवायचं ते सगळ्यात शेवटी चढवायचं. व्यापारी जहाजासारखी जागा वाचवत ठासून भरलं, तर ॲम्ब्युलन्स तंबूंच्या मागे अडकते. एकाच प्रकारचा सगळा दारूगोळा एका जहाजावर ठेवला आणि ते जहाज बुडालं, तर पथक पांगळं होतं. १९८२ साली ब्रिटनची ३ कमांडो ब्रिगेड फॉकलंडकडे घाईत निघाली, तेव्हा सामान असंच विस्कळीत भरलं गेलं होतं. वाटेतल्या असेन्शन बेटापाशी थांबून ते पुन्हा लावावं लागलं.

उतरण्याची सोयही जहाजातच असते. मागच्या भागात गोदीसारखी पोकळी असते. टाक्यांत समुद्राचं पाणी घेऊन जहाजाचा मागचा भाग खाली बसवतात, दार उघडतात, की होड्या तरंगत बाहेर पडतात.

जानेवारी १९९१ मध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशू इथल्या अमेरिकी दूतावासाभोवती लढाई पेटली. तेव्हा ‘ट्रेंटन’ या अमेरिकी जहाजावरून दोन हेलिकॉप्टर ४६६ सागरी मैलांवरून निघाली, वाटेत हवेतच इंधन घेत पोचली. त्या मोहिमेत २८१ जणांची सुटका झाली. हीच ‘ट्रेंटन’ २००७ पासून आपली ‘आयएनएस जलाश्व’ आहे. मे २०२० मध्ये तिनं मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं.

मात्र तयारीत कसूर झाली, तर माणसं जातात. ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाजवळ अशाच १५ व्या युनिटची उभयचर (पाण्यात आणि जमिनीवर चालणारी) गाडी सरावात बुडाली. आत १६ जण होते, ९ दगावले. गाडीत पाणी शिरत होतं. गिअरबॉक्सचं तेल गळून गेलं, तशी गाडीची ताकद गेली आणि पाणी उपसणारे मुख्य पंपही थंडावले. पाणी घोट्याला लागलं की सैनिकांना बाहेर काढायचं, असा नियम होता. तो आदेश फार उशिरा निघाला. पाण्याखालून सुटण्याचा सराव सगळ्यांचा पूर्ण झाला नव्हता, सोबत सुरक्षेची होडी नव्हती. पथकाला मिळाल्या तेव्हाच त्या गाड्या नादुरुस्त होत्या, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. डिसेंबर २०२१ मध्ये आणीबाणी वगळता या गाड्या पाण्यात उतरवणं बंद झालं.