शाळेचा नंबर बदलला नव्हता

‘तुम्ही अर्जात लिहिलेल्या शाळेशी आम्ही संपर्क साधला. तुमच्या नावाची नोंद त्यांच्याकडे नाही. शुक्रवारपर्यंत खुलासा आला नाही, तर नोकरीचा देकार मागे घ्यावा लागेल.’

इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेने आमच्या माजी विद्यार्थिनीला पाठवलेल्या मेलचा हा सारांश. त्याची प्रिंट घेऊन तिचा भाऊ आमच्या ऑफिसच्या दारात उभा राहिला तेव्हा बुधवार उजाडला होता. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. जूनचा दुसरा पंधरवडा म्हणजे आमच्या टेबलावर दाखल्यांचा नुसता ढीग. दहावीची मुलं अकरावीसाठी दाखला मागतात, पाचवीचे नवे प्रवेश चालू असतात, कुणाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बोनाफाईड लगेच हवं असतं. हा बिचारा घेवड्याची पेरणी अर्ध्यावर टाकून आलेला. पायाला माती तशीच होती.

“मॅडम, ताई खोटी ठरतीया तिकडं,” एवढं बोलून त्याने कागद पुढे केला.

प्रकरण असं होतं. ताई २००१ च्या मार्चमध्ये आमच्या शाळेतून दहावी पास झाली. पुढे साताऱ्यात बी.कॉम. केलं, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी इंग्लंडला गेली. मुलं जरा मोठी झाल्यावर तिथल्याच एका शाळेत वर्गशिक्षिकेची मदतनीस म्हणून तिने अर्ज केला. मुलाखत झाली, निवड झाली आणि कागदपत्रांवर घोडं अडलं.

भावाचा प्रश्न रास्त होता. “पोरगी बी.कॉम. झालीया. विद्यापीठाचं बी काम झालंय म्हणं. मग दहावीचं काय घिऊन बसल्यात?”

इंग्लंडमध्ये मुलं सोळाव्या वर्षाच्या सुमारास जीसीएसई नावाची परीक्षा देतात. तिथल्या शाळांतल्या आणि दवाखान्यांतल्या पुष्कळ नोकऱ्यांना इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत निदान ४ ही श्रेणी मागतात. पूर्वी तिला सी म्हणत. माणूस पदवीधर असला तरी हे दोन विषय वेगळे विचारले जातात. बाहेरच्या देशातून आलेल्याने त्या तोडीचं काही दाखवावं लागतं आणि आपल्याकडे त्या तोडीची म्हणजे दहावी. दहावीची पातळी तिकडे कशाशी जुळते, याचं पत्र यूके एनिक ही संस्था देते. २०२१ पर्यंत तिला नॅरिक म्हणत. ताईने ते पत्र रीतसर काढलं होतं. पण त्या पत्रातून परीक्षेची पातळी कळते. ही बाई या शाळेत खरंच शिकली का, हे शाळेनेच सांगायचं असतं.

नेमकं तिथेच सगळं बिनसलं होतं. ताई शिकत होती तेव्हा आमच्या शाळेचं नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ होतं. आपल्या भागात या नावाच्या शाळा गावोगाव आहेत. ताईने अर्जात ‘न्यू इंग्लिश स्कूल, जिल्हा सातारा’ एवढंच लिहिलं, कारण रकानाच तेवढा होता. तपासणी करणाऱ्यांना इंटरनेटवर त्या नावाची जी शाळा सापडली, तिला त्यांनी विचारलं. त्या शाळेने आपलं रजिस्टर पाहून प्रामाणिकपणे कळवलं, की अशी विद्यार्थिनी आमच्याकडे नव्हती. यात कुणाचंही चुकलं नव्हतं. आमचं जुनं नाव शोधून आम्ही सापडणार नव्हतोच, कारण २००८ साली संस्थेने देणगीदारांच्या मातोश्रींचं नाव शाळेला दिलं.

त्यात ताईच्या नावाचा घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर तिचं नाव, पुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तीन शब्दांतले दोन बदललेले, उरलेल्या एकाची जागा हललेली. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. तिकडच्या ऑफिसात बसलेल्या बाईने हे कागद कसे वाचले असतील याचा विचार करा. शाळेत नोंद नाही आणि मार्कशीट भलत्याच बाईचं.

भावाने आणखी एक गोष्ट सांगितली. साताऱ्यातला एक एजंट त्याला म्हणाला होता, की मार्कशीटला अपोस्टिल करून देतो, काही हजार रुपये लागतील, मग तिकडे कुणी काही विचारणार नाही. मी त्याला सांगितलं, दादा, पैसे देऊ नका. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार परराष्ट्र मंत्रालयाने लावलेलं प्रमाणपत्र. भारतात ते २००५ पासून चालू आहे आणि जिथे मागतात तिथे ते लागतंच. पण कागदावरची सही आणि शिक्का अधिकृत माणसाचा आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ताईच्या शाळेने ते मागितलेलंच नव्हतं. त्यांना हवा होता आमचा जबाब. तो मिळेपर्यंत अपोस्टिलचा काही उपयोग नव्हता आणि मिळाल्यावर त्याची गरज नव्हती.

शिपाईमामांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडात बांधलेलं, डांबरगोळ्यांचा वास येणारं. शाळेतलं बाकीचं दप्तर मुदत संपली की निकाली काढता येतं, जनरल रजिस्टर कायम ठेवायचं असतं. त्याची पानं आता कडेला फुटायला लागली आहेत, म्हणून मामा ते दोन्ही हातांवर आडवं धरून आणतात. ताईची ओळ लगेच सापडली. प्रवेश जून १९९५, इयत्ता पाचवी, आधीची शाळा गावातली जिल्हा परिषदेची. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण, ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’. त्या वेळच्या लिपिकांचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि एकही खाडाखोड नाही. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण त्या दिवशी त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटले.

मग ताईने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं मार्कशीट उघडलं. जुन्या मार्कशीटवर शाळेचं नाव छापत नसत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. वरच्या ओळीत बैठक क्रमांक, केंद्र क्रमांक आणि त्यांच्या शेजारी ‘डिस्ट्रिक्ट अँड स्कूल नंबर’ अशी चौकट असते. त्या चौकटीतला आकडा मी वाचला आणि दहावीची परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयाकडून यंदा आलेलं पत्र समोर ठेवलं. त्यावर आमच्या शाळेचा तोच क्रमांक होता. शाळेचं नाव बदललं, इमारत नवी झाली, शिक्षक निवृत्त झाले, तरी मंडळाच्या हिशेबी आम्ही २००१ साली होतो तेच होतो.

ताईकडून सही केलेलं संमतीपत्र मागवलं. तिच्या परवानगीशिवाय तिची माहिती बाहेर द्यायची नाही, मग विचारणारा कितीही मोठा असो. दाखल्यांची रांग माझ्या सहकारी बाईंनी सांभाळली आणि मी पत्र लिहायला बसले. मुख्याध्यापक सर म्हणाले, हुशार विद्यार्थिनी होती असं एखादं वाक्य घाला. मी म्हटलं, सर, नको. त्यांना कौतुक नको आहे, रजिस्टरमध्ये जे आहे तेवढंच हवं आहे. जनरल रजिस्टर नंबर, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख, बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि साल, शाळेचं जुनं नाव, नवं नाव, नावबदलाच्या मंजुरीचा जावक क्रमांक आणि मंडळाचा शाळा क्रमांक. सरांनी ते मान्य करून सही केली. नावबदलाचं मंजुरीपत्र आणि ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला जोडला. भाऊ म्हणाला, मी पाठवतो ताईला. मी नाही म्हटलं. उमेदवाराच्या हातून गेलेलं पत्र ते धरत नाहीत. पत्र शाळेकडूनच थेट जायला हवं.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे कागद हातात असला की काम झालं असं समजतात. मूळ प्रत, झेरॉक्स, त्यावर साक्षांकनाचा शिक्का, बस. तिकडे कागद देणाऱ्यालाच गाठून विचारतात. कॅनडाला जाणाऱ्यांच्या शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांना म्हणूनच विद्यापीठाकडून थेट आलेली गुणपत्रकं लागतात, उमेदवाराने फोडलेला लिफाफा चालत नाही. म्हणजे आमच्यासारख्या ऑफिसांनी उत्तर दिलं नाही, तर चांगल्या शिकलेल्या माणसाची मार्कशीटं परदेशात कुचकामी ठरतात. किती शाळा-कॉलेजांत असे मेल महिनोन्महिने कुणी उघडत नाही! दाखला देणं हे जसं आपलं काम आहे, तसंच त्या दाखल्याबद्दल कुणी विचारलं तर जबाब देणं हेही आपलंच काम आहे. त्यावर कुणाचा तरी पगार सुरू व्हायचा असतो.

दीड वाजता मेल गेला. तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. तासाभरात उत्तर आलं. पत्र मिळालं, आभारी आहोत, पण तुमचा ईमेल जीमेलचा आहे, असा पत्ता कुणीही उघडू शकतो, तर आणखी काही पुरावा आहे का? आमच्यासारख्या शाळांचे पत्ते बहुतेक जीमेलचेच असतात. राग येण्यासारखं काही नव्हतं, मुलांच्या शाळेत माणूस घ्यायचा तर इतकी खातरजमा करायलाच हवी. मी दोन गोष्टी कळवल्या. १९९० पासूनच्या दहावीच्या मार्कशीटांची नोंद मंडळाच्या ऑनलाइन सेवेत आहे, ताईने तिथून प्रत काढून द्यावी. दुसरं म्हणजे, हवं असेल तर आत्ता व्हिडिओ कॉल करा, मी रजिस्टर दाखवते.

कॉल आला. समोरच्या बाई साठीच्या असाव्यात, बोलणं संथ आणि स्पष्ट. कॉलआधी मी रजिस्टरच्या पानावर कोरे फुलस्केप कागद ठेवले होते, वर दोन, खाली एक. बाकीच्या मुलांची नावं दिसता कामा नयेत. ताईच्या ओळीतला जातीचा रकानाही एका पट्टीने झाकला. बाईंनी विचारलं, तिथे काय झाकलंय? मी सांगितलं, नोकरीशी संबंध नसलेली माहिती आहे. त्या लगेच म्हणाल्या, योग्य केलंत.

मग त्यांनी मार्कशीटवरच्या चौकटीतला शाळा क्रमांक एकेक आकडा करून वाचला. मी मंडळाचं पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं आणि त्यावरचे आकडे तसेच एकेक करून वाचले. शेवटचा आकडा जुळल्यावर त्या म्हणाल्या, आता कळलं. दारात उभ्या असलेल्या भावाला इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण हे त्याला बरोबर कळलं.

नंतर गुणांचे प्रश्न आले. गणितात ८१, पण १५० पैकी कसे? मी सांगितलं, तेव्हा तीन भाषा प्रत्येकी १०० गुणांच्या आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं प्रत्येकी १५० ची, एकूण ७५०. उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के, ४५ च्या वर द्वितीय श्रेणी, ६० च्या वर प्रथम, ७५ च्या वर विशेष प्रावीण्य. आपल्याकडचे ५४ टक्के तिकडच्या फूटपट्टीने मोजायला गेलं तर गफलत होते, म्हणून हे सगळं तपशिलात सांगावं लागतं.

पुढचा प्रश्न अडचणीचा होता. इंग्रजी कोणत्या पातळीचं? खरं सांगितलं तर ताईचं नुकसान होईल की काय, असं वाटलं. पण मी खरं तेच सांगितलं. शिक्षण मराठी माध्यमात झालं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, ताईच्या वेळी ते पाचवीपासून होतं आणि दहावीला तृतीय भाषा म्हणून होतं. बाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, गणित आम्ही धरतो. इंग्रजीसाठी तिला फंक्शनल स्किल्सची लेव्हल टू परीक्षा देता येईल, नोकरी करता करता दिली तरी चालेल. व्यवहारोपयोगी इंग्रजी-गणिताची ही परीक्षा तिथे मुख्यतः मोठ्या माणसांसाठी आहे, जीसीएसई नसलेले पुष्कळ लोक ती देतात.

संध्याकाळी ऑफिस बंद करता करता मेल आला. शैक्षणिक पडताळणी पूर्ण, देकार कायम.

त्यानंतर सरांनी लेटरहेडवर नव्या नावाखाली ‘पूर्वीचे न्यू इंग्लिश स्कूल’ ही ओळ आणि मंडळाचा शाळा क्रमांक छापून घेतला. दहावीच्या मुलांना दाखला देताना मीही सांगते, की कुठेही अर्ज करताना शाळेच्या नावापुढे गाव, तालुका आणि हा क्रमांक लिहा, मार्कशीटचा फोटो स्वतःला मेल करून ठेवा. मुली पुढे नाव बदलणार असतील, तर विवाह नोंदणी लगेच करून घ्या म्हणून त्यांच्या आयांनाही सांगते.

ताईचा भाऊ पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. आता तिच्याकडे भारतातला पोलीस दाखला मागितला होता आणि तो साताऱ्याला एसपी ऑफिसला निघाला होता. त्याला थांबवलं. तिकडे राहणाऱ्या भारतीयांना हा दाखला तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मिळतो, अर्ज ताईलाच करावा लागेल. पोलीस चौकशीला गावातल्या घरी आले तर घरात कुणीतरी असू द्या आणि तिचा जुना पासपोर्ट घरी असेल तर हाताशी ठेवा, एवढं मी त्याला कागदावर लिहून दिलं.