पाइपातला लेझर

साठ मीटरवरच्या गच्चीच्या भिंतीवर माझ्या लाल लेझर पॉइंटरचा ठिपका बशीएवढा पसरायचा, म्हणून त्याच्यापुढे लावायची भिंगांची नळी बनवायचा हा उद्योग. शाळेच्या प्रयोगसाहित्याच्या दुकानातून दोन भिंगं आणली: ५० मिलिमीटर नाभीय अंतराचं अंतर्गोल, २५० चं बहिर्गोल. दोन्हींत २०० मिलिमीटर अंतर ठेवलं की शलाका पाचपट रुंद होते आणि तिचं पसरणं पाचपट कमी. दोन्ही बहिर्गोल घेतली असती तर नळी ३०० ची झाली असती. एवढा पाइप घरात नव्हता, विषय संपला.

पहिल्यांदा भिंग झटपट गोंदाने चिकटवलं. सकाळी बघतो तर काचेवर पांढरं धुकं! गोंदाच्या वाफेचा प्रताप. ॲसिटोनने तासभर पुसत बसलो, मग गोंदाऐवजी कापसाची वात आणि इन्सुलेशन टेप.

खरी कटकट मध्य जुळवण्याची. पॉइंटर केसभर तिरका झाला की ठिपक्याला शेपूट फुटतं. शेवटी तीन स्क्रू लावून पाव-पाव फेरा फिरवत बसलो. आई म्हणाली, "जेवायला ये, नाहीतर त्या पाइपातच वाढते."

रात्री ठिपका जेमतेम लिंबाएवढा. भिंतीवरच मारला, कोणाच्या खिडकीकडे नळी वळवायची नाही, शलाका रुंद झाली तरी लेझरच तो.