पक्क्या दाढा, गरोदरपणाचे कार्ड आणि बालदंत विभाग: माझा अनुभव

निपाणीजवळच्या आमच्या गावात मुलाच्या दाढेवर डाग दिसला की कीड लागली असे म्हणून चॉकलेटवर खापर फोडले जाते. माझ्या मुलीच्या बाबतीत ते पटण्याजोगे नव्हते. सहाव्या वर्षी आलेल्या तिच्या पक्क्या दाढा हिरडीतून वर येतानाच पिवळसर-तपकिरी होत्या, भाकरी चावताना त्यांचे कोपरे तुटत होते आणि थंड पाण्याने चूळ भरताना ती कळवळत असे, त्यामुळे ब्रश करणे ती टाळू लागली. गावाजवळच्या डॉक्टरांनी भरलेले सिमेंट टिकले नाही. त्यांनीच आम्हाला बेळगावच्या एका दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागात जाण्यास सांगितले.

तेथे निदान झाले एमआयएच, म्हणजे पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे दात यांच्या इनॅमलमध्ये, म्हणजे दातांच्या बाहेरच्या कठीण आवरणात, खनिजे कमी भरली जाणे. हे नाव 2001 पासून रूढ आहे. माझा पहिला संशय आमच्या बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडवर होता. परंतु डॉक्टरांनी दाखवले की फ्लोराइडचे पांढुरके पट्टे साधारणपणे दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे आणि कडा न समजणारे असतात, तर तिच्या दातांवरील डाग ठळक कडांचे होते आणि एका बाजूची दाढ दुसरीपेक्षा फारच खराब होती. तरीही मनाचे समाधान म्हणून पाणी तपासून घेतले. फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅम या मर्यादेच्या आत निघाले.

त्यानंतर प्रश्नांची जी फेरी झाली, ती मला उपचारांपेक्षाही अवघड गेली. माझे गरोदरपणाचे कार्ड कन्नडमध्ये होते आणि विभागातील विद्यार्थिनी ते वाचून एकेक प्रश्न मराठीत विचारत होती: कोणत्या महिन्यात ताप आला, कोणती औषधे घेतली, बाळंतपण कसे झाले, पहिल्या वर्षी बाळाला किती आजार झाले, घराजवळ फवारणी होत असे का. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. प्रत्येक उत्तरागणिक त्यांची नजर माझ्याकडे वळत होती, आणि दोष शोधला जातो आहे की माहिती, हे मला क्षणभर कळेना.

डॉक्टरांनी तेव्हा दातांचे वेळापत्रक समजावून सांगितले. दुधाच्या दातांचे इनॅमल गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास तयार होऊ लागते. पहिल्या पक्क्या दाढांचे काम जन्माच्या सुमारास सुरू होऊन तिसऱ्या वर्षापर्यंत चालते. इनॅमल रचणाऱ्या पेशी काम संपल्यावर उरत नाहीत, म्हणून त्या काळात राहिलेली उणीव शरीर पुढे भरून काढू शकत नाही. मुलीच्या दुधाच्या मागच्या एका दाढेवरही तसाच डाग होता आणि त्या दाढेचे इनॅमल पहिल्या वर्षाच्या अखेरीस पूर्ण होते. त्यामुळे बिघाडाचा काळ गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि जन्मानंतरचे पहिले वर्ष असा धरता येत होता.

रसायनांबद्दल मी स्वतःच विचारले, कारण आमच्या उसाच्या शेतात तणनाशक मारले जाते आणि त्याचे कॅन पूर्वी पडवीतच असत. उत्तर सरळ होते. प्लास्टिकमधील बिस्फेनॉल-ए पोटात असल्यापासून मिळालेल्या उंदरांच्या इनॅमलमध्ये एमआयएचसारखे दोष आढळल्याचे फ्रान्समधील संशोधकांनी 2013 मध्ये मांडले. इटलीतील सेव्हेसो येथे 1976 मध्ये एका अपघातात डायॉक्सिन हे विषारी रसायन पसरले, तेव्हा लहान असलेल्यांच्या दातांतही दोष दिसले. पण उंदरांवरून किंवा अशा अपघातावरून एका घरातल्या मुलीच्या दाढेचे कारण ठरत नाही. लहानपणचे तापाचे आजार आणि आनुवंशिकता यांचाही संबंध सांगितला जातो. माझ्या मुलीला पहिल्या वर्षी छातीचा आजार होऊन अँटिबायोटिक द्यावे लागले होते. त्यांनी तीही नोंद केली आणि कारणाच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. मला तो प्रामाणिकपणा आवडला. सासूबाईंना मात्र एका कारणाचे नाव हवे होते.

उपचारांत भूल ही खरी अडचण होती. अशा दाढेच्या आतील नस आधीच चिडलेली असल्याने इंजेक्शन देऊनही पुरेसा बधिरपणा येत नाही, हे ठाऊक नसले तर मूल नाटक करते असे वाटू शकते. म्हणून आधी फ्लोराइडचा लेप लावून आणि घरी कोमट पाणी वापरून संवेदनशीलता कमी केली, मग खराब दाढांवर स्टीलच्या कॅप बसवल्या. बाकीच्या दाढांत सिमेंट भरले असून दर सहा महिन्यांनी तपासणी असते. समोरच्या दातावरील पिवळा डाग ती मोठी झाल्यावर पाहू, असे ठरले आहे.

माझी जाऊ आता गरोदर आहे. तणनाशकाचे कॅन शेतातल्या खोपीत गेले, गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात भरणे बंद झाले आणि कोणतीही गोळी घेण्याआधी ती डॉक्टरांना विचारते. विशेषतः टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक, जे गरोदरपणाच्या उत्तरार्धात घेतल्यास बाळाच्या दुधाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. यापैकी कशाने एमआयएच टळेल, याची हमी मला कोणी दिलेली नाही. तिच्या कार्डावर ताप आणि औषधे यांच्या नोंदी मात्र तारखांसह होत आहेत.