मारावंच लागतं

शुक्रवार, रात्र

बाहेर उणे 24. लेकीकडे कॅनडात एडमंटनला येऊन तीन आठवडे झाले, आणि या वयात नातवाकडून चेकर्स शिकतेय.

पट बुद्धिबळाचाच, चौसष्ट घरांचा. पण खेळ चालतो फक्त काळ्या बत्तीस घरांत. प्रत्येकी 12 सोंगट्या, चाल तिरकी आणि पुढे. समोरच्याच्या सोंगटीपलीकडचं घर रिकामं असेल तर उडी मारायची नि ती उचलायची. उडी मला नवी नाही. लहानपणी ओट्यावर कोळशाने पट आखून आम्ही वाघ-शेळी खेळायचो, तिथे वाघ असाच शेळीवरून उडी मारून तिला खायचा. फरक एवढाच, की आमच्या वाघाला नको असेल तर तो बसून राहायचा. इथे ती सोय नाही. मारता येत असेल तर मारावंच लागतं.

पहिले चार दिवस हरले ते यामुळेच. मी बुद्धिबळाच्या सवयीने एकेक सोंगटी जपायची, आणि हा पोरगा खुशाल आपली सोंगटी माझ्या पुढ्यात आणून ठेवायचा. मला वाटायचं, चुकला बिचारा. मी मारली की माझी सोंगटी नको त्या घरात जायची, आणि तो टण् टण् दोन उड्या मारून थेट माझ्या शेवटच्या ओळीत. तिथे पोचला की त्याचा ‘किंग’! एकावर एक सोंगटी ठेवायची, मग ती मागेही चालते. किंग होऊ देऊ नये म्हणून मी घरच्या ओळीतल्या चारही सोंगट्या हलवेनाच. तो म्हणाला, “आजी, दोन पुरतात. सगळ्या घरी बसल्या तर खेळणार कोण?”

जावयांनी एक गंमत सांगितली. इथल्याच अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि मंडळींनी ‘शिनूक’ नावाचा चेकर्सचा प्रोग्राम केला. (हेलिकॉप्टरचं म्हणून आपल्या पेपरात ‘चिनूक’ छापतात, तेच नाव. इकडे ते एका उबदार वाऱ्याचं आहे. आत्ता सुटला तर बरं होईल!) मॅरियन टिन्सली हा गणिताचा प्राध्यापक या खेळातला अजिंक्य माणूस. 1994 मध्ये त्याचा आणि शिनूकचा सामना लागला. सहा डाव बरोबरीत सुटले आणि टिन्सलीने आजारपणामुळे माघार घेतली. पुढच्या वर्षी तो गेलाच. मग 2007 मध्ये शेफरनी हिशोब पुरा करून दाखवला, की दोघंही न चुकता खेळले तर डाव बरोबरीतच सुटणार. मला टिन्सलीचं वाईट वाटत राहिलं. तो सामना पुरा व्हायला हवा होता.

आमच्याकडे न चुकण्याचा प्रश्नच नाही.

आज संध्याकाळी मीही सापळा लावला. एक सोंगटी पुढ्यात सरकवली आणि साळसूदपणे चहा प्यायला लागले. याने पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भलत्याच कोपऱ्यातली माझी सोंगटी उचलली. मारायच्या दोन जागा असतील तर कुठली मारायची ते आपण ठरवायचं म्हणे. हा नियम आधी सांगितला नव्हता लबाडाने.

उद्या शाळेला सुट्टी आहे. सकाळीच पट मांडायचं ठरलंय.