गरुडावर उमटलेला त्रिशूळ

युक्रेनचे १९१८ चे ‘ट्रायडेंट’, म्हणजे वरून त्रिशूळ उमटवलेली जुनी टपाल तिकिटं, जमवायला घेतली तेव्हा एका जुन्या संग्राहकाने बजावलं होतं, या वाटेला जाऊ नकोस, खोट्यांचा नुसता सुळसुळाट आहे. ते अगदी खरं निघालं. तरी मी गेलोच.

मूळ तिकीट रशियन साम्राज्याचं. दोन तोंडांचा गरुड, खाली टपालाची शिंगं आणि त्यातून आरपार गेलेल्या विजा. झारशाही कोसळली, युक्रेन वेगळा झाला, तरी पोस्टात साठा जुन्या तिकिटांचाच होता. त्यात सोव्हिएत रशियातून तीच तिकिटं आणून इथे खपवायचा धंदा सुरू झाला. म्हणून ऑगस्ट १९१८ मध्ये हेटमन (तिथला राज्यप्रमुख) स्कोरोपाड्स्कीच्या सरकारने साठ्यावर त्रिशूळाचं राज्यचिन्ह उमटवायचा हुकूम काढला. कीव्ह, ओदेसा, खार्किव, पोल्तावा, कातेरिनोस्लाव, पोडोलिया अशा ठिकाणी हे काम झालं. कुठे छापखान्यात, कुठे हातशिक्क्यांनी. साहजिकच प्रत्येक ठिकाणच्या त्रिशूळाची ठेवण निराळी.

निरनिराळ्या ठिकाणच्या तिकिटांचा मिश्र लॉट हाती आला की कॅटलॉगमधली चित्रं शेजारी धरून मी आधी प्रदेश वेगळे करतो. पोडोलिया मात्र डोकं उठवतं. तिथे हातशिक्के इतके, की दोन त्रिशूळ सारखे वाटले तरी पात्याच्या टोकाला कुठेतरी फरक निघतोच.

खरं काम भिंगाखाली. सात कोपेकचं एक फिकट निळं तिकीट होतं, त्यावर जांभळा त्रिशूळ आणि काळा टपालशिक्का. जिथे दोन्ही शाया एकमेकींना छेदतात तिथेच बघत बसलो. आधी त्रिशूळ उमटला, मग पत्रावर शिक्का पडला, म्हणजे काळी रेघ जांभळ्यावरून जायला हवी. इथे जांभळी शाई काळ्या रेघेवर चढलेली! वापरून झालेल्या स्वस्त तिकिटावर कुणीतरी घरबसल्या त्रिशूळ मारला होता. शिक्क्यातलं साल पुसट होतं, पण तिरकं धरल्यावर ‘१६’ वाचता आलं. १९१६ साली त्रिशूळ कुठला? विक्रेत्याला कळवलं, त्याने उत्तरच दिलं नाही.

कोऱ्या, म्हणजे टपालशिक्का न पडलेल्या तिकिटांवर हा आधार नसतो. तिथे आकार, शाईचा रंग आणि दाब एवढंच हातात. तिकिटाच्या मागच्या बाजूला, ते अस्सल असल्याची तज्ज्ञाची इवलीशी खूण असली तरी निर्धास्त राहू नये, त्या खुणाही बनावट असतात. रुबलची मोठी छापील किंमत असलेली शंकास्पद तिकिटं मी सरळ तज्ज्ञाकडे अस्सलपणाच्या सर्टिफिकेटला पाठवतो. वाट बघून जीव जातो, पण दुसरा इलाज नाही.

आणि एक, कागदाला चिकटलेली असली तरी ही तिकिटं पाण्यात भिजत टाकू नका. जांभळी अॅनिलीन शाई पाणी लागताच पसरते. मी कागदासकटच कापून ठेवतो, अल्बम थोडा फुगतो एवढंच.