केशरी सदरा आणि दुसरीचा वर्ग

कॅनडातल्या प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवू लागले, त्या पहिल्या वर्षी आदिवासी समाजांविषयी मी जे काही सांगितले, ते सगळे भूतकाळी क्रियापदांत होते: ते राहत होते, ते शिकार करत होते. 'पण माझी आजी तर आत्ता घरी आहे,' असे क्री या आदिवासी समाजातली एक मुलगी शांतपणे म्हणाली आणि माझी चूक माझ्या पदरात पडली.

आता मी सुरुवात फिलिस वेबस्टॅड या आदिवासी लेखिकेच्या सदऱ्यापासून करते. 1973 मध्ये सहा वर्षांच्या फिलिसला आजीने घेऊन दिलेला नवा केशरी सदरा निवासी शाळेत, म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा-संस्कृती पुसण्यासाठी सरकार आणि चर्चने चालवलेल्या शाळेत, पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आला आणि तो तिला परत मिळाला नाही. सात वर्षांच्या मुलांना एवढे पुरते. अत्याचारांचे तपशील या वयात सांगू नयेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र दीड लाखाहून अधिक मुलांना अशा शाळांत ठेवले गेले, हे मी लपवत नाही.

या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये केलेल्या 94 आवाहनांपैकी 62वे आवाहन, बालवाडीपासून बारावीपर्यंत हा इतिहास वयाला साजेशा रीतीने सक्तीने शिकवावा, असे सांगते. सरकारी भाषेतला 'सलोखा' मुलांना समजावणे मात्र अवघड जाते. गेल्या 30 सप्टेंबरला, या मुलांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या केशरी सदरा दिनी, एका मुलाने विचारले, 'सरकारने माफी मागितली, मग सदरा परत दिला का?' त्याचा प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि आठवडाभर पुसला नाही.